सात सेकंदांची मिळकत

ग्रामोफोनच्या तबकडीला दोन बाजू असल्या तरी दुसरीला पहिलीचा मान सहसा मिळत नाही, हे ज्यांनी मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या लहान तबकड्या हाताळल्या आहेत त्यांना सांगावयास नको. ज्या गीतावर कंपनी आपले भांडवल लावते ते पहिल्या बाजूवर असते. दुसरी बाजू कोरी ठेवून चालत नाही म्हणून तिच्यावर काहीतरी भरावयाचे असते. १९६९ साली वॉशिंग्टन शहरातील ‘द विन्स्टन्स’ नावाच्या वाद्यवृंदाने अशीच एक तबकडी काढली. तिच्या पहिल्या बाजूवर ‘कलर हिम फादर’ हे सावत्र पित्याविषयीची कृतज्ञता व्यक्त करणारे गीत होते. ते अमेरिकाभर गाजले आणि वृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना त्याच्या रचनेबद्दल ग्रॅमी पारितोषिकही प्राप्त झाले. दुसऱ्या बाजूसाठी हाताशी काही नव्हते. तेव्हा कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून गाइल्या जाणाऱ्या ‘आमेन’ या गीताची चाल घेऊन, तिला द्रुत गती देऊन, त्यांनी ‘आमेन, ब्रदर’ ही केवळ वाद्यांची रचना कशीबशी उभी केली; आणि तीही आखूड पडते असे दिसताच मध्येच सर्व वाद्ये थांबवून ड्रमवादक ग्रेगरी कोलमन यांना एकट्याने चार आवर्तने वाजवू दिली.

हा एकट्याचा भाग जेमतेम सात सेकंदांचा आहे. पहिल्या दोन आवर्तनांत कोलमन मागून चालत आलेलाच ठेका पुढे चालवितात; तिसऱ्यात स्नेअर नावाच्या ड्रमवरील एक आघात ते अपेक्षित जागी न देता किंचित लांबवितात, त्यामुळे ऐकणाऱ्याचे पाऊल क्षणभर अधांतरी राहते; आणि चौथ्या आवर्तनात तर सम चक्क रिकामी सोडून, आडलयीतील आघातांची एक साखळी उलगडीत, झांजेचा मोठा आघात तिच्या जागेच्या थोडा अलीकडेच देऊन मोकळे होतात. लगेच इतर वाद्ये परत येतात आणि रचना पुढे निघून जाते. ही तबकडी बाजारात आली तेव्हा या जागेकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही, आणि द्यावे असे कारणही नव्हते.

पुढे याच सात सेकंदांवर हजारो गीते उभारली गेली. इंग्लंडात तर ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बेस’ या नावांनी ओळखला जाणारा एक संबंध संगीतसंप्रदाय मुख्यतः या ठेक्याचे तुकडे करून, ते उलटसुलट जुळवून व अधिक वेगाने फिरवून जन्मास आला. कोलमन यांना त्यापोटी एक पैही मिळाली नाही, आणि यात चोरीचा भाग होता तसाच कायद्याचाही होता. किंबहुना मला तर कायद्याचाच अधिक दिसतो. चोराला पकडता येते, परंतु ज्या दप्तरात वादकाच्या नावाचे खातेच उघडलेले नाही त्या दप्तरात त्याची थकबाकी तरी कोणी आणि कशी काढावी?

जुन्या तबकडीतील अशा मोकळ्या जागांना प्रथम गिऱ्हाईक मिळाले ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. क्लाइव्ह कॅम्पबेल हा किंग्स्टनमध्ये जन्मलेला मुलगा १९६७ साली जमैकाहून आपल्या कुटुंबासह तेथे आला आणि पुढे ‘कूल हर्क’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीतील सार्वजनिक खोलीत, त्याच्या बहिणीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून तिकीट लावून एक नृत्याची मेजवानी भरविली आणि तबकड्या लावण्याचे काम भावाकडे दिले. या काळात हर्कच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गीत चालू असता पोरे भिंतीला टेकून उभी राहतात, आणि गायक व इतर वाद्ये थांबून नुसते ड्रम वाजू लागले, म्हणजे ज्याला तिकडे ‘ब्रेक’ म्हणतात तो आला, की एकदम रिंगणात उतरतात. परंतु ब्रेक दहा-वीस सेकंदांत संपतो आणि नाचणाऱ्याचा हिरमोड होतो. यावर त्याने योजलेला उपाय असा की, त्याच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवावयाच्या, एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरची सुई ब्रेकच्या आरंभी टेकवावयाची, तोवर पहिली मागे फिरवून ठेवावयाची, आणि असे आळीपाळीने करीत दहा सेकंदांची पाच मिनिटे करावयाची.

या कामी त्याच्या हाती लागलेले मोठे घबाड म्हणजे ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’ या नावाने निघालेली १९७३ सालची ‘अपाची’ ही रचना. हा बँड म्हणजे मायकेल व्हायनर यांनी मुद्रणापुरते गोळा केलेले रोजंदारीचे वादक होते. मूळ चाल जेरी लॉर्डन या इंग्रज रचनाकाराची, आणि ती १९६० सालीच ‘द शॅडोज’ या इंग्रजी वृंदाने गाजविलेली. व्हायनर यांच्या प्रतीत मात्र किंग एरिसन यांचे बाँगो व जिम गॉर्डन यांचे ड्रम यांना जी ऐसपैस जागा मिळाली, तिने ब्राँक्समध्ये त्या तबकडीला जे स्थान मिळवून दिले ते मूळ चालीला तिथे कधीच लाभले नसते. स्पर्धक डीजेंना आपल्या खजिन्याचा सुगावा लागू नये म्हणून हर्क तबकड्या पाण्यात भिजवून त्यांवरील नावाच्या चिठ्ठ्या सोलून टाकीत असे. एका परीने पाहता पुढील सर्व तंट्याचे बीज या भिजवलेल्या चिठ्ठ्यांतच पडले होते, असे म्हणावेसे वाटते.

हा ब्रेक सोल व फंक संगीतात इतका मुबलक का आढळतो, याचे उत्तर जेम्स ब्राऊन यांच्यापाशी जाऊन थांबते. १९६५ च्या सुमारापासून त्यांनी आपल्या वृंदातील गिटार, शिंगे व बेस या सर्व वाद्यांना तालवाद्यांप्रमाणे वागविण्यास सुरुवात केली. प्रत्येक वादकाने दोन-चार स्वरांचा एक तुकडा घ्यावा, तो न कंटाळता घोटीत राहावे, आणि पहिल्या मात्रेवर मात्र सर्वांनी मिळून जोर द्यावा असा त्यांचा दंडक असे. या सम-पूजक संगीतात स्वरसंगतीची वाटचाल जवळजवळ थांबते आणि लयच कथानक बनते. मग इतरांना हाताच्या इशाऱ्याने गप्प करून ड्रमवादकाला मोकळे सोडणे ओघानेच येते. आपल्याकडे स्वतंत्र तबलावादनाच्या वेळी संवादिनीवर किंवा सारंगीवर जो लेहरा अखंड फिरत असतो, त्याच्या नेमके उलट हे झाले: तेथे स्वरांचे वर्तुळ स्थिर राहते आणि तबलजी आपले कायदे-रेले मांडीत जातो, ब्राँक्समध्ये ड्रमचे वर्तुळ स्थिर झाले आणि त्यावर शब्द मांडणारा उभा राहिला. रॅप या काव्यप्रकाराला बसावयास पाट मिळाला तो असा.

२० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटी येथील किंग कंपनीच्या स्टुडिओत ब्राऊन यांनी ‘फंकी ड्रमर’ ही रचना मुद्रित केली आणि पुढील वर्षी ती तबकडीवर आली. तिच्यात पाच मिनिटे उलटून गेल्यावर क्लाइड स्टबलफील्ड यांचा सुमारे वीस सेकंदांचा एकट्याचा भाग येतो. ‘आमेन’मध्ये जो उसळता आवेश आहे तो येथे शोधू नये. स्टबलफील्ड यांचा उजवा हात हाय-हॅटच्या जोडझांजेवर सोळाव्या मात्रांची एकसारखी वीण घालीत राहतो, पाय बेस ड्रमवर समेचे भान ठेवतो, आणि डावा हात दोन ठळक आघातांच्या मधल्या जागांत स्नेअरवर काठी इतक्या हलकेच टेकवीत राहतो की ते आघात कानाला ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवतात. लिपीत उतरवून घेतलेला हा ठेका कोणीही शिकलेला वादक वाजवू शकेल. परंतु त्या अर्धवट उमटलेल्या आघातांचे कमी-अधिक वजन लिपीत उतरत नाही, आणि ठेक्याचा सगळा झोका तर तेथेच आहे. रचनाकार म्हणून नोंद झाली ती एकट्या ब्राऊन यांची. स्टबलफील्ड हे त्यांच्या पदरचे पगारी वादक होते.

दोन तबकड्या आळीपाळीने फिरविण्याचे कसब हाताचे होते. त्याचे रूपांतर यंत्रविद्येत झाले ते सॅम्पलर आल्यावर. त्याचे तत्त्व सांगावयाचे तर, ध्वनीच्या लहरीची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजावयाची, प्रत्येक मापाचा आकडा स्मरणकोशात ठेवावयाचा, आणि कळ दाबताच ते आकडे त्याच क्रमाने वाचून पुन्हा ध्वनी निर्माण करावयाचा. १९८० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कचे निर्माते मार्ली मार्ल एका तबकडीवरील आवाजाचा तुकडा यंत्रात घेऊ पाहत असता चुकून स्नेअरचा एक आघात आत आला आणि कळ दाबताच तो हुबेहूब वाजला; जुन्या तबकडीवरचा ड्रम असा सुटा करून आपल्या इच्छेप्रमाणे वाजविता येतो, हे त्यांना उमगले ते या अपघातामुळे.

१९८७ साली ई-म्यू कंपनीने ‘एसपी-१२००’ हे यंत्र बाजारात आणले. कॉम्पॅक्ट डिस्कवर लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवितात. या यंत्रात मोजणी सेकंदाला सुमारे २६,००० वेळा होई आणि पायऱ्या असत केवळ ४,०९६. एकंदर स्मरणशक्ती दहा सेकंदांची, आणि कोणताही एक तुकडा अडीच सेकंदांहून लांब चालत नसे. यावर पोरांनी युक्ती काढली ती अशी की, मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळीसवर फिरवावयाची, ते घाईघाईचे संगीत यंत्रात भरावयाचे, आणि बाहेर काढताना तेवढेच संथ करून मूळ सुरावर आणावयाचे. त्यामुळे अडीच सेकंदांच्या जागेत जवळजवळ साडेतीन सेकंदांचे संगीत मावे. या ताणाताणीत ध्वनीच्या कडा खरबरीत होत, वरचे सूर मळकट होत आणि ड्रमला एक दाणेदार जाडपणा येई. आरंभी गैरसोय म्हणून सोसलेला हा दोष लवकरच गुण ठरला, आणि आज हजारपटीने शक्तिमान संगणकांवर काम करणारे निर्माते तोच मळकटपणा मुद्दाम घालून घेतात.

यंत्राला खाद्यही तयार मिळू लागले होते. १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या नावाने जुन्या, दुर्मिळ तबकड्यांतील ब्रेकच्या रचना एकत्र करून विकणारी मालिका निघाली आणि तीत ‘आमेन, ब्रदर’चाही समावेश झाला, त्याच वर्षी ब्राऊन यांच्या जुन्या मुद्रणांचे ‘इन द जंगल ग्रूव्ह’ हे संकलनही आले आणि ‘फंकी ड्रमर’ सर्वांच्या हाती पडला. १९८८ साली एन.डब्ल्यू.ए. या लॉस एंजेलिसकडील मंडळींच्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’मध्ये कोलमन गर्जू लागले, आणि १९८९ साली पब्लिक एनिमी यांच्या ‘फाइट द पॉवर’मध्ये स्टबलफील्ड. पब्लिक एनिमीचे निर्माते एका गीतात अनेक तबकड्यांचे तुकडे एकमेकांवर इतके दाट रचीत की त्यांतील मूळ वस्त्राचा धागा ओळखणे दुष्कर व्हावे.

जॅझच्या तबकड्यांकडे ही मंडळी वळली ती काहीशी निराळ्या ओढीने. ड्रम मिळाले होते, आता स्वरांचा रंग हवा होता. बॉब जेम्स यांच्या १९७४ सालच्या ‘वन’ या संग्रहाच्या अगदी शेवटी ठेवलेली ‘नॉटिलस’ ही रचना तर पुढे इतक्या जणांनी उचलली की तिच्या आरंभीच्या काही सुरांवर एक पिढी वाढली म्हटले तरी चालेल. पियानोवादक अहमद जमाल यांच्या १९७० च्या ‘आय लव्ह म्यूझिक’मधील एक लहानशी जागा पीट रॉक यांनी १९९४ साली नॅस यांच्या ‘द वर्ल्ड इज युअर्स’साठी वेचली, जमाल ती जागा सहज बोलून पुढे निघून जातात, रॉक तिच्यापाशीच मुक्काम करतात. परंतु माझ्या मते या कलेचा उत्तम नमुना पाहावयाचा तर त्याच पीट रॉक यांचे, सी. एल. स्मूथ यांच्यासह १९९२ साली केलेले, ‘दे रेमिनिस ओव्हर यू’ हे गीत घ्यावे. अकाली गेलेल्या एका नर्तक मित्राच्या स्मरणार्थ ते रचले गेले. त्यासाठी निवडलेली सॅक्सोफोनची आळवणी टॉम स्कॉट यांच्या १९६७ सालच्या एका तबकडीतील, आणि ती तबकडीही जेफर्सन एअरप्लेन या रॉक वृंदाच्या प्रेमगीताची पुनरावृत्ती करणारी. कॅलिफोर्नियाच्या त्या स्वप्नाळू दिवसांत कोणी शोकगीत म्हणून ती वाजविली नव्हती. परंतु तेवढाच तुकडा फिरू लागला की त्यातला विरह असा काही वर येतो की तो तेथे पूर्वीपासूनच वाट पाहत होता की काय असे वाटावे. यास ज्यांना नुसती उचलेगिरी म्हणावयाचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे. ऐकण्याची इतकी तयारी असलेला चोर मात्र विरळा.

कंपन्यांपैकी ज्यांना शहाणपण सुचले त्यांनी यात आपला फायदाही पाहिला. लंडनच्या जेफ विल्किन्सन यांनी ब्लू नोट या नामांकित जॅझ कंपनीच्या तबकडीतील तुकडा विनापरवाना वापरला, तेव्हा त्यांना बोलावणे आले. परंतु फिर्यादीऐवजी त्यांच्यापुढे कंपनीचे सगळे दप्तरच खुले करण्यात आले. त्यातून ‘यूएस थ्री’ या नावाने १९९३ साली निघालेल्या संग्रहात हर्बी हॅनकॉक यांची १९६४ सालची ‘कॅन्टलूप आयलंड’ नव्याने नांदू लागली, आणि तो संग्रह अमेरिकेत दहा लाख प्रतींचा टप्पा गाठणारा ब्लू नोटचा पहिला संग्रह ठरला.

इतर ठिकाणी मामला सरळ कचेरीत गेला. येथे थोडे थांबून अमेरिकन कायद्याची मांडणी पाहिली पाहिजे. त्या कायद्याप्रमाणे तबकडीवरील प्रत्येक गीतात दोन स्वतंत्र मालमत्ता असतात: एक रचनेची, म्हणजे चाल व शब्द यांची, जी रचनाकाराकडे वा त्याच्या प्रकाशकाकडे असते, आणि दुसरी मुद्रणाची, जी बहुधा तबकडी काढणाऱ्या कंपनीकडे असते. तुकडा वापरावयाचा तर दोन्ही मालकांची लेखी परवानगी हवी. ड्रमचा ठेका हा रूढ समजुतीप्रमाणे रचनेत धरला जात नाही, आणि मुद्रणाचा हक्क तर कंपनीने दिवसाची मजुरी देऊन अगोदरच आपल्याकडे घेतलेला असतो. म्हणजे कोलमन आणि स्टबलफील्ड यांच्या हातून जे घडले ते एका दस्तऐवजाच्या कक्षेबाहेर राहिले आणि दुसऱ्यात दुसऱ्याच्या नावावर चढले. शिवाय ‘आमेन’च्या बाबतीत आणखी एक पेच आहे. तो ठेका आपण सांगितल्याप्रमाणे वाजविला गेला असे स्पेन्सर सांगत. वृंदातील दुसरे सहकारी फिल टोलोटा यांच्या मते ती सर्वस्वी कोलमन यांची करणी होती. चाल कागदावर लिहिणाऱ्याच्या बाबतीत असा कज्जा निकालात काढता येतो. हातातून निघालेल्या गोष्टीचा मसुदा कोठे असणार?

डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात बिझ मार्की या रॅपगायकाविरुद्ध गिल्बर्ट ओसुलिव्हन यांच्या १९७२ सालच्या गीताबाबतचा दावा निकाली निघाला. न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालपत्राचा आरंभच बायबलातील चोरीविरुद्धच्या आज्ञेने केला आणि शेवटी फौजदारी कारवाईचा विचार व्हावा असेही सुचविले. धर्मशास्त्राचा आधार घेऊन दिवाणी कज्जा निकाली काढण्याची ही तऱ्हा मला तरी भारी वाटते; परंतु परिणाम तत्काळ झाला आणि प्रत्येक तुकड्याची परवानगी आधी घेण्याची वहिवाट पडली. २००५ साली दुसऱ्या एका संघीय अपील न्यायालयाने फंकडेलिक यांच्या गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्यावरून असे ठरविले की मुद्रणातील कितीही लहान अंश विनापरवाना घेता येणार नाही. तर २०१६ साली मॅडोना यांच्या ‘व्होग’मधील शिंगांच्या पाव सेकंदाहूनही लहान आवाजाबाबत आणखी एका अपील न्यायालयाने त्याच्या नेमका उलट निर्णय दिला. आज एकाच देशात, कोणत्या प्रांतात फिर्याद दाखल होते यावर उत्तर अवलंबून आहे.

या सगळ्याचा खर्च पडला तो दाट विणीच्या संगीतावर. ‘डे ला सोल’ या मंडळींचा १९८९ सालचा पहिला संग्रह अनेक ठिकाणचे धागे घेऊन विणलेला होता. ‘द टर्टल्स’ यांच्याशी त्यांना तडजोड करावी लागली, आणि जुने परवाने नव्या माध्यमांना लागू होतात की नाही या घोळामुळे त्यांचे आरंभीचे संग्रह इंटरनेटवरील संगीतसेवांवर यावयास मार्च २०२३ उजाडले. तोवर त्या त्रिकुटातील डेव्हिड जोलिकोर हे दिवंगतही झाले होते.

आपल्याकडील मुद्रणेही या बाजारात गेली आहेत. २००२ साली लॉस एंजेलिसचे डीजे क्विक यांनी, दूरचित्रवाणीवर कानी पडलेले एक हिंदी गीत पसंत पडल्याने, ‘ज्योती’ या १९८१ सालच्या चित्रपटातील लता मंगेशकर यांचा आवाज ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गीतात सबंध गुंफला. बाईंचे सूर अमेरिकेत घरोघर ऐकू जाऊ लागले, पण वेष्टणावर कोणाचा नामनिर्देश नव्हता. फिर्याद झाली, आणि संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव छापल्याखेरीज संग्रह विकू नये असा हुकूम न्यायालयाने दिला. नाव लागले ते संगीतकाराचे. म्हणजे तेथेही रचनेचा मालक दिसला. १९६० च्या दशकात गायकालाही स्वामित्वधनाचा हिस्सा मिळावा म्हणून लताबाईंनी जो हट्ट धरला आणि ज्यापायी महंमद रफींशीही काही वर्षे त्यांचा अबोला झाला, त्या हट्टातील दूरदृष्टी अशा प्रसंगी कळते.

गायकाची ही कथा, तर मागे बसणाऱ्यांचे काय सांगावे! मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांसारख्या गोमंतकीय वादकांनी व संयोजकांनी जॅझची विद्या आणली. रात्री हॉटेलातील वृंदात जॅझ वाजवावयाचे आणि दिवसा स्टुडिओत पाळीप्रमाणे मेहनताना घेऊन चित्रपटाची गाणी, असा अनेकांचा परिपाठ असे, आणि पडद्यावरील नामावळीत त्यांतील फार थोडे झळकले. २००७ साली मॅडलिब या अमेरिकन निर्मात्याने ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ नावाचा संग्रहच जुन्या हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांतून कातरून काढला, त्यात अशाच अनाम हातांची कमाई वाजते. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंताला स्वामित्वधनाचा हक्क मिळाला खरा. परंतु त्याच दुरुस्तीत असेही कलम आहे की, चित्रपटात ज्याचा सहभाग आनुषंगिक स्वरूपाचा आहे आणि धंद्याच्या वहिवाटीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावळीत कोठेच येत नाही, तो या कामी, आपल्या कलाकृतीचे विद्रूपीकरण होऊ न देण्याचा हक्क वगळता, कलावंत समजला जाणार नाही. वहिवाटीने ज्याचे नाव गाळले त्याला कायद्यानेही गाळावे, यातला तर्क ज्याला समजेल त्याने मला समजावून सांगावा.

स्पेन्सर यांना आपल्या सात सेकंदांचा हा पसारा कळला तो १९९६ साली, मूळ मुद्रणाच्या फितीविषयी इंग्लंडातून विचारणा आली तेव्हा. तोवर बहुतेक दावे मुदतबाह्य झाले होते. २०१५ साली इंग्लंडातील काही डीजेंनी इंटरनेटवर वर्गणी जमवून सुमारे २४,००० पौंड त्यांच्या स्वाधीन केले, आणि २०२० साली ते निवर्तले. ग्रेगरी कोलमन त्याआधीच, २००६ साली, अटलांटा येथे निर्धन व बेघर अवस्थेत मरण पावले होते. आपला ठेका जगभर वाजतो आहे याची त्यांना बहुधा कल्पनाही नव्हती, असे स्पेन्सर सांगत.

स्टबलफील्ड यांना ती होती. ते विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे स्थायिक होऊन दर आठवड्याला तेथील एका ठिकाणी वाजवीत असत. त्यांच्या आजारपणातील खर्चाचा मोठा भार गायक प्रिन्स यांनी गाजावाजा न करता उचलला, आणि प्रिन्स वारल्यावर २०१६ सालीच ते लोकांना कळले. पैशाहून नामोल्लेखाचे मोल आपल्याला अधिक आहे, असे ते मुलाखतींतून सांगत. मॅडिसनच्या विद्यापीठाने त्यांना दिलेली सन्माननीय डॉक्टरेट २०१७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रदान झाली. परंतु तत्पूर्वी त्यांनी स्वतःच एक व्यवहारी तजवीज करून पाहिली होती. सॅम्पलिंगच्या कायद्यावरील ‘कॉपीराइट क्रिमिनल्स’ या माहितीपटाबरोबर २०११ साली त्यांनी आपल्या हातचे नवे ठेके मुद्रित करून एका संचात उपलब्ध केले; ज्याला हवे त्याने ते रीतसर मोबदला देऊन वापरावेत अशी योजना. हात तेच होते, ठेक्याचा घाटही तोच. तथापि निर्मात्यांची पावले वळत राहिली ती १९६९ च्या सिनसिनाटीकडेच, कारण त्यांना हवी असते ती त्या दिवशीची खोली, त्या फितीवरचा खरखरीतपणा, भोवती गप्प उभ्या असलेल्या वृंदाचा दबाव, आणि आपण काही विशेष करतो आहोत असे न वाटणाऱ्या पंचविशी ओलांडलेल्या एका पगारी वादकाचा निवांत डावा हात. हे सर्व ज्या मुद्रणात आहे ते १९७१ साली, ब्राऊन किंग सोडून पॉलिडोर कंपनीत गेले तेव्हा, त्यांच्या इतर मुद्रणांबरोबर त्या कंपनीच्या मालकीचे झाले.